लोरिव्हालची मरिनाल्वा

"लिहा, सेउ तेओफिलो. 'लोरिव्हालची मरिनाल्वा.' चांगल्या मोठ्या अक्षरात," जेनिव्हाल म्हणाला.

"लिहू नका," मरिनाल्वा म्हणाली.

माझे पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर थांबले. दोघांपैकी कोणाचे ऐकावे हे मला चौऱ्याहत्तर वर्षांत कधी चटकन कळलेले नाही. त्या दिवशीही कळले नाही.

जेनिव्हालच्या औषधांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. ऑगस्टची पंधरा तारीख, नगरपालिकेसाठी उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस. जेनिव्हाल गावातला पक्षाचा प्रमुख. यादीत अमुक इतक्या बायका हव्यातच असा नियम असल्यामुळे त्याला एक बाई कमी पडत होती, म्हणून त्याने मरिनाल्वाला विचारले होते. ती लगेच हो म्हणेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. मी तेओफिलो, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून; नावाआधी 'सेउ' लावतात ते वयाच्या मानाने, बायकांना 'दोना' लावतात तसे. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज भरून देतो, कारण माझे अक्षर बरे आहे आणि मला दुसरे काही येत नाही.

अर्जात एक चौकट असते: मतदानयंत्रावर दिसायचे नाव. आमच्याकडे या चौकटीत खरे नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. गाव ज्या नावाने हाक मारते ते चालते. त्या वर्षी आमच्या पेद्रा मान्सा गावच्या यादीत बर्फवाला नेको होता, ट्रॅक्टरचा जुका होता, अँब्युलन्सची सिसेरा होती आणि नुसताच 'टकलू' असा एक न्हावी होता. मतदार पाच आकडे दाबतो, पडद्यावर फोटो आणि नाव येते, बरोबर असेल तर हिरवे बटण, चुकले असेल तर केशरी. तेवढ्या दोन क्षणांत माणूस ओळखू आला पाहिजे.

"अगं बाई, 'किरिनो' म्हटलं तर या गावात तुला काळं कुत्रं विचारणार नाही," जेनिव्हाल म्हणाला. "लोरिव्हाल म्हटलं की म्हातारी माणसं अजून टाळ्या वाजवतात."

"वाजवू देत की. मी काय त्याच्या टाळ्या गोळा करायला उभी राहतेय?"

"मतं गोळा करायला राहतेयस ना?"

"माझ्या नावावर."

लोरिव्हाल म्हणजे तिचा नवरा. तीस वर्षांपूर्वी शेजारच्या गावाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली होती. तेव्हा जन्मलेल्या दहा मुलांची नावे मी स्वतःच्या हाताने लोरिव्हाल अशी नोंदवली आहेत. पुढे बावीस वर्षांपूर्वी तो कामासाठी साओ पाउलोला गेला. वर्षभर पत्रे आली, मग ती थांबली. गावाने त्याला दोष दिला नाही. आणि मरिनाल्वा त्याच्या नावाला चिकटून राहिली. म्हणजे गावानेच तिला चिकटवून ठेवले. इथे बाई नवऱ्याची असते आणि पुरुष आईचा. मी अजून दोना ओलिंपियाचा तेओफिलो आहे. माझी आई जाऊन एकतीस वर्षे झाली.

खरे सांगायचे तर मला जेनिव्हालचे पटत होते. मी तसे म्हणालोही. "मरिनाल्वा, निवडून यायचंच असेल तर मला वाटतं... म्हणजे, नुसतं यंत्रापुरतं..."

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. ती चोवीस वर्षे आरोग्यसेविका आहे. लोक औषध घेतल्याचे खोटे सांगतात तेव्हा ती त्यांच्याकडे जशी बघते, तशी तिने माझ्याकडे पाहिले.

"सेउ तेओफिलो, अकरा वर्षांपूर्वी हे नाव मला तुम्हीच परत लिहून दिलंत. मग आता हात का अडतोय?"

ते खरे होते. घटस्फोटाचा कागद घेऊन ती कचेरीत आली होती. माहेरचे आडनाव परत लावायचे का, असे मी नियमाप्रमाणे विचारले. ती म्हणाली, "लावायचं म्हणजे काय? ते माझंच आहे." सही करण्याआधी तिने एका चिठोऱ्यावर तीनदा सराव केला होता.

मी चौकटीत लिहिले: मरिनाल्वा किरिनो.

"झालं!" जेनिव्हालने कपाळाला हात लावला. "आता यंत्रावर ही मलासुद्धा ओळखू येते की नाही, देव जाणे."

"नाही आली तर चष्मा बदला," ती म्हणाली. "मोतीबिंदू तपासून घ्या, असं दोन वर्षं सांगतेय तुम्हाला."

*

जेनिव्हालने घोषवाक्य आधीच तयार ठेवले होते, गाण्याच्या चालीसकट. 'लोरिव्हालने अडवला गोल, मरिनाल्वा सावरेल गाव!' चाल चांगली होती, घरी जाताना मीसुद्धा ती गुणगुणलो. मरिनाल्वाने ते नाकारले आणि दुसरे लिहायला मला सांगितले.

मी आयुष्यभर पुस्तके वाचली, पण कोणी मोठ्याने वाचावी अशी एक ओळ माझ्या हातून कधी लिहून झाली नाही. तरी मी आठ दिवस बसलो. वहीची अकरा पाने भरली. सेवा, निष्ठा, नवी पहाट असले सगळे शब्द त्यात होते. तिच्या ओट्यावर बसून मी तिला ती पाने वाचून दाखवली. ती मक्याच्या कुसकुसचे ताट मांडीवर घेऊन शांतपणे ऐकत होती.

"हे कुणाबद्दल आहे?" तिने विचारले.

"तुझ्याबद्दल."

"मग मी यात कुठं दिसत का नाही?"

मी वही मिटली. म्हणालो, "चोवीस वर्षं काय केलंस ते तूच सांग."

"काय करणार? घरोघरी गेले. पोरांची वजनं केली, पाण्याच्या टाक्या उघडून बघितल्या, म्हाताऱ्यांची गोळी चुकली की ओरडले. कुणाच्या घरी गेले नाही असं पेद्रा मान्सात घर नाही. वरच्या वस्तीत तर दर महिन्याला. तिथल्या बायकांना तापलेलं पोर कडेवर घेऊन दोन कोस उतरावं लागतं. तिथं एक दवाखाना हवा, म्हणून तर उभी राहतेय. नाहीतर मला काय हौस आलीय?"

ती बोलत असतानाच मी लिहून टाकले: 'मी तुमच्या घरी येऊन गेले आहे.'

तिने ते दोनदा वाचले. "हां. हे खरं आहे," ती म्हणाली, आणि मला आणखी थोडे कुसकुस वाढले.

जेनिव्हालला मात्र हसावे की रडावे कळेना. "मी तुमच्या घरी येऊन गेले आहे? अहो सेउ तेओफिलो, हे चोराचं घोषवाक्य झालं! उद्या लोक घरातली भांडी मोजतील!"

पण पत्रके छापली गेली. फोटो शेजारच्या गावातल्या फोटोग्राफरने काढला. त्याने तिचे केस मागे ओढून बसवले, मानेखालचा तीळ पुसला, आणि फोटोत ती एखाद्या न्यायाधीशबाईसारखी दिसू लागली. मला ते खटकले होते. मी बोललो नाही.

शनिवारच्या बाजारात मटणवाला बिलियू पत्रक हातात घेऊन ओरडला, "काय गं मरिनाल्वा, माझ्या घरी येऊन काय काय उचलून नेलंस?"

"तुझ्या पोटातले जंत नेले, विसरलास?" ती तितक्याच मोठ्याने म्हणाली. "बाटलीत भरून, तपासायला. तुझी आई म्हणाली होती, परत आणू नकोस."

अख्खा बाजार हसला. बिलियू स्वतः सगळ्यांत जास्त हसला आणि त्याने पत्रक मांसाच्या आकड्याला अडकवून टाकले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की ओळ कदाचित वाईट नसेल.

ती पायीच फिरली. उमेदवार झालेल्या सरकारी माणसाला तीन महिने रजेवर राहावे लागते, म्हणून जुलैपासून तिची पिशवी आणि वजनकाटा घरात पडून होता. रिकाम्या हाताने लोकांच्या घरी जायला तिला चुकल्यासारखे होई. मी तिच्याबरोबर पत्रकांचा गठ्ठा घेऊन जायचो आणि शक्यतो दाराबाहेर उभा राहायचो. वरच्या वस्तीतल्या दोना झुल्मिराच्या घरी मात्र मला आत बोलावून कॉफी दिली गेली. दोना झुल्मिराचे वय ब्याऐंशी. तिने पत्रक डोळ्यांजवळ नेले.

"ही कोण बाई?"

"मी, दोना झुल्मिरा."

"तू तर लोरिव्हालची मरिनाल्वा."

"तीच."

"मग त्यांनी दुसरीच बाई का छापलीय?" ती अक्षरे जुळवत राहिली. "कि... रि... नो. हे कोण आता?"

"माझे वडील किरिनो. मी किरिनो. हे बघा, हे पाच आकडे दाबायचे, मग हे नाव येईल, घाबरायचं नाही, हिरवं बटण दाबायचं. कोणतं?"

"हिरवं."

"आणि केशरी?"

"केशरीला हात लावायचा नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दोना झुल्मिरा म्हणाली. "लोरिव्हाल कसा आहे पण? जेवतो ना नीट?"

*

मतदानाला आठ दिवस उरले असताना जेनिव्हालने ती गोष्ट केली. शनिवारचाच बाजार होता. कर्णे लावलेली त्याची गाडी चर्चसमोर येऊन उभी राहिली, गाणे थांबले आणि एका पुरुषाचा आवाज आला. जरा जाड झालेला, पण गावाने पहिल्या शब्दाला ओळखला.

"पेद्रा मान्साच्या माझ्या लोकांनो, मी लोरिव्हाल बोलतोय, साओ पाउलोहून. माझ्या मरिनाल्वाला मत द्या. ती तुम्हाला माझ्यासारखीच..."

बाजार थांबला. कोणीतरी टोपी काढली. बिलियूच्या हातातला सुरा तसाच राहिला. एक म्हातारा चक्क डोळे पुसू लागला. जेनिव्हाल गाडीजवळ उभा राहून माझ्याकडे बघून हसत होता. त्याने ते बोलणे टेलिफोनवरून मुद्रित करून घेतले होते. मी मनातल्या मनात मते मोजली. शंभर, दीडशे, निदान एवढी तरी. ती जिंकणार होती. वरच्या वस्तीला दवाखाना होणार होता. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

मरिनाल्वा टोमॅटोच्या ढिगाजवळ होती. ती सावकाश चालत गाडीपाशी आली आणि चालकाला म्हणाली, "बंद कर."

"अजून थोडं बाकी आहे..."

"बंद कर बाबा. आणि तो माइक दे."

"मरिनाल्वा, वेडेपणा करू नकोस," जेनिव्हाल खालच्या आवाजात म्हणाला. "हे तुझ्या भल्यासाठी आहे. हा आवाज आठवडाभर वाजवला तर तू सगळ्यांत वर येतेस. सगळ्यांत वर! दवाखाना हवाय ना?"

दवाखान्याचा शब्द तिला लागला, ते दिसले. तिने माइक दोन्ही हातांत धरला, वजनकाट्यात घालण्याआधी ती मूल धरायची तसा.

"लोरिव्हालनं गोल चांगला राखला," ती म्हणाली. "नव्वद मिनिटं राखला. ते मी बघितलंय, मीही तिथं टाळ्या वाजवल्या. त्यानंतरचं मला काही माहीत नाही, आणि त्यालाही माझं काही माहीत नाही. त्याच्या सांगण्यावरून मला मत देऊ नका. यंत्रावर मरिनाल्वा किरिनो असं नाव येईल. नाव अनोळखी वाटलं तर तोंड बघा. मी तुमच्या घरी येऊन गेले आहे. बास."

टाळ्या पडल्या नाहीत. एक-दोघे हसले. त्या डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो पाठ फिरवून गेला. मरिनाल्वा परत टोमॅटोंजवळ गेली आणि विक्रेत्या बाईला म्हणाली, "हे दोन नरम आहेत, बदलून दे."

जेनिव्हाल माझ्याजवळ आला. "तुमच्या त्या पेनानं हे सगळं केलंय," तो म्हणाला.

*

मतदानाच्या रविवारी शाळेबाहेरचा रस्ता पत्रकांनी पांढरा झाला होता. सगळ्या उमेदवारांचे चेहरे पायाखाली. मी तिचे चेहरे टाळत टाळत रांगेत जाऊन उभा राहिलो. सत्तरी ओलांडलेल्याला मत देणे सक्तीचे नाही, पण मला ते हिरवे बटण स्वतः दाबायचे होते.

माझ्या पुढून दोन म्हाताऱ्या बाहेर पडत होत्या. एक दुसरीला सांगत होती, "मी नंबर बरोबर दाबला गं, चिठ्ठीवर होता तसाच. पण भलतीच कुणी बाई निघाली. कोण किरिनो. म्हटलं, चुकलं वाटतं. मग ते केशरी दाबलं."

"मग?"

"मग परत दाबला, परत तीच. मागं रांग ओरडायला लागली. शेवटी बर्फवाल्याला दिलं. त्याचा नंबर सोपा आहे."

"माझंही तसंच झालं. लोरिव्हालची बायको कुठं गेली कोण जाणे."

माझी पाळी आली तेव्हा पाच आकडे दाबले. पडदा उजळला. तो न्यायाधीशबाईचा चेहरा, आणि खाली मी लिहिलेले नाव. सुंदर, स्पष्ट, आणि कोणाच्याही ओळखीचे नसलेले. मी हिरवे बटण दाबले. यंत्र वाजले. बाहेर येईपर्यंत मी तो फोटो, ते नाव आणि माझे स्वतःचे अक्षर या तिन्हींनाही शिव्या देत होतो.

संध्याकाळी प्रत्येक वर्गाच्या दारावर आकड्यांच्या लांब पट्ट्या चिकटवल्या गेल्या. मरिनाल्वा किरिनो: दोनशे अडुसष्ट मते. पक्षाला मिळालेल्या जागा त्याच्या यादीत सर्वांत जास्त मते मिळवणाऱ्यांना जातात, आणि त्यांतल्या शेवटच्या निवडून आलेल्या माणसाला होती दोनशे ब्याऐंशी. तो टकलू न्हावी होता. चौदा मतांनी ती हरली. गर्दीत ती दारापाशी उभी राहून पट्टी वाचत होती. मी लांबून पाहिले आणि जवळ जायचे धाडस न होऊन घरी निघून आलो. घरी येऊन अकरा पानांची वही फाडली. त्याने काही झाले नाही.

*

मंगळवारी मात्र मी तिच्या घरी गेलो. काय बोलायचे ते मी पाठ केले होते: त्या दिवशी मी ठामपणे सांगायला हवे होते, फोटोबद्दल बोलायला हवे होते, चौदा मते माझ्या हातून गेली. दार बंद होते. शेजारीण म्हणाली, "ती कामावर रुजू झाली की. रजा संपली ना. वर गेलीय."

चढण चढताना मला तीनदा बसावे लागले. ती दोना झुल्मिराच्या घरी सापडली. दोना झुल्मिरा खुर्चीत बसून रडत होती आणि मरिनाल्वा तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती.

"मीच मारलं गं तुझं मत, पोरी. केशरी दाबलं. तू सांगितलं होतंस तरी दाबलं. दोनदा!"

"हात सैल सोडा."

"मला वाटलं, ती बाई तुझं मत चोरतेय..."

"बोलू नका, आकडा वाढतो." मरिनाल्वाने मला पाहिले. "या, सेउ तेओफिलो. बसा. तुमचाही बघते, चेहरा पांढरा पडलाय."

"मरिनाल्वा, मला तुला सांगायचं होतं की ते नाव..."

"नाव बरोबर होतं," ती म्हणाली. "दोनशे अडुसष्ट माणसांनी वाचून हिरवं दाबलं. जेनिव्हाल म्हणाला होता, काळं कुत्रं विचारणार नाही. चार वर्षांनी आणखी पंधरा विचारतील." तिने पट्टा सोडला. "एकशेसाठ-नव्वद. दोना झुल्मिरा, काल गोळी घेतली नाहीत."

"रडत होते ना."

"रडत रडत घ्यायची."

मग ती उठली आणि उघड्या दारामागे गेली. दारामागे खिळ्याला कार्डे टांगलेली होती. आरोग्यसेविका भेट देऊन गेली की त्यावर तारीख घालून सही करते. प्रत्येक घरात दारामागे असे कार्ड असते, आणि ते कोणी वाचत नाही. दार उघडे असले की ते भिंतीकडे तोंड करून असते. बाकीची घरे जुने कार्ड भरले की फेकून देतात. दोना झुल्मिरा काहीच फेकत नाही. एकावर एक कितीतरी कार्डे होती, खालची पिवळी पडलेली.

मला कागद दिसला की राहवत नाही. मी उठून ती एकेक उलटू लागलो. शेकडो ओळी, प्रत्येक ओळीला तारीख आणि सही. सगळ्यांत जुन्या कार्डांवर लोरिव्हालचे आडनाव होते. म. सोब्रेइरा, म. सोब्रेइरा. मग एका कार्डाच्या मधोमध, अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, ते थांबत होते. तो महिना मला माहीत होता. त्याच्या पुढच्या ओळीपासून संक्षेप नाही, पूर्ण नाव, जरा ताठ अक्षरात: मरिनाल्वा किरिनो. आणि तिथून प्रत्येक महिन्याला, एकही न चुकता, या जूनपर्यंत.

"काय वाचताय?" दोना झुल्मिराने विचारले. ती काठी टेकत आली, कार्डाला नाक लावून उभी राहिली आणि बोटाने अक्षरे जुळवू लागली. बराच वेळ जुळवत होती.

"हे इथंच होतं?" ती म्हणाली.

मरिनाल्वाने वरचे कार्ड काढून घेतले, दाराच्या फळीवर टेकवले, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या कोऱ्या ओळींवर एक तिरपी रेघ मारली, खालच्या ओळीत तारीख घातली आणि सही केली. कार्ड खिळ्याला लावले. पिशवी खांद्याला अडकवली.

"टाकीचं झाकण उघडं आहे, ते लावून घ्या. डास होतात," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मी उंबऱ्यात उभा होतो. ती पलीकडच्या घरापुढे थांबली आणि इथल्या रीतीप्रमाणे दार न ठोठावता तिने टाळी वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मरिनाल्वा किरिनो," ती म्हणाली, आणि दार उघडायची वाट बघत उन्हात उभी राहिली.